नवरीने कसं दिसावं याचे अकरा नियम

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी एकच नाव सांगतो: कौसाबाई. माझी थोरली बहीण. घरात सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचो. बाप मी तिसरीत असताना गेला. मायचा दमा नेमका कापसाच्या दिवसांत उठायचा. तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या बाईने ठरवून टाकलं की ती शेतात जाईल आणि तुळश्या शाळेत जाईल. तुळश्या म्हणजे मी. ती शेतात गेली आणि मी बी. ए. झालो. हे मी सत्काराच्या दोन-चार सभांत सांगितलं आहे, लोकांनी टाळ्याही वाजवल्या आहेत. बाईच्या लग्नात मी काय केलं ते मात्र कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. त्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या.

आज लिहायला बसलो त्याचं निमित्त माझी नात. तिचं लग्न ठरलं आहे आणि चार महिन्यांपासून घरात दुसरा विषय नाही. मोबाईलवर रोज पन्नास नवऱ्या येतात. कोणी फिक्क्या गुलाबी, कोणी लाल, कोणी डोळे मिटून हसणाऱ्या. चेहऱ्याला काय लावायचं, किती दिवस आधी लावायचं, मेंदी कोपरापर्यंत की त्याच्यावर, याचे सल्ले देणारी एक बाई त्या मोबाईलमध्येच राहते. परवा नातीने दोन फोटो पुढे धरले आणि विचारलं, "आजोबा, यातला कोणता लूक?" मी म्हणालो, "मला विचारू नकोस." ती म्हणाली, "तुम्हाला यातलं काय कळतं म्हणा." तेही खरं नाही. नवरीने कसं दिसावं यावर मी एकेकाळी अकरा नियम लिहिले होते आणि ते तीन तालुक्यांत फिरले होते.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर. नाल्याच्या अंगाला आमची वस्ती, त्यात आमच्या दोन खोल्या. पुढे पळाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, कूड, मागे अंबाडीचा वाफा. पहाटे जात्याच्या घरघरीनेच जाग यायची. बाई दळायला बसली की मला पुस्तक घेऊन समोर बसवायची. धडा वाचून झाला की मी लिहिलेला निबंध वाचायचा. निबंधात मी पुस्तकातली वाक्यं आणि माझी वाक्यं मिसळून टाकायचो. गुरुजींना ते कधी कळलं नाही. बाईला अक्षरओळख नव्हती, पण ती मध्येच जात्याचा खुंटा धरून थांबायची आणि म्हणायची, "हे तुह्यं हाय." मी विचारायचो, कशावरून? "पुस्तकातलं वाक्य चालत जाते. तुह्यं धावते अन् मंग दम खाते." एवढं बोलून ती पुन्हा मूठभर ज्वारी जात्यात टाकायची. त्या पिठाची ताजी भाकर, तुरीचं पातळ वरण आणि लसूण-मिरचीचा ठेचा एवढी शिदोरी बांधून मी घाटंजीच्या हायस्कुलाची वाट धरायचो आणि ती कापसाची ओटी कमरेला बांधून शेताची.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना बाईचं साक्षगंध झालं. मुलगा दिग्रसचा, शामराव, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिचं वय आमच्यातल्या मुलींच्या मानाने बरंच झालं होतं. दोन स्थळं तिने माझ्या शाळेसाठी परतवली होती. साक्षगंधाच्या शिऱ्याची चव जिभेवरून जायच्या आतच सल्ल्यांना सुरुवात झाली. आमची जनाआत्या या कामातली पुढारी. "पंधरा दिवस उन्हात निघू नको वं, नवरी उजळली पायजे," असं ती रात्रीच्या जेवणाला सांगायची आणि सकाळी तीच दारात उभी राहून ओरडायची, "चाल वं कौसे, ऊन व्हायच्या आत चार ओळी वेचू." कोणी म्हणे केसांना रिठे लाव, कोणी म्हणे शिकेकाई. कोणी डाळीचं पीठ आणि साय सांगे. साय कुठल्या म्हशीची ते कोणी सांगत नसे. शेजारची एकजण म्हणाली, कापसाच्या बोंडाने फाटलेल्या बोटांना तेल चोळून रात्रभर फडकं बांधून ठेव. बाईने ते एक केलं, कारण बोटं दुखत होती. बाकी सगळ्यांना ती "हो वं मावशी" म्हणायची आणि कामाला लागायची. मीच चिडायचो. मला वाटायचं, या अडाणी बायकांना काही सांगायला हवं. शिकत असलेल्या पोराला तसं फार लवकर वाटायला लागतं.

त्यात एक खरी अडचण होती. आमच्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला दोनेक वर्षं झाली होती. घरातले देव टोपलीत घालून नाल्यात सोडले होते. जुन्या रीती सोडल्या होत्या आणि नव्या पुरत्या हाती आल्या नव्हत्या. वस्तीत नव्या पद्धतीचं पहिलं लग्न बाईचंच. ते कसं लावायचं हे सांगायला यवतमाळहून एक प्रचारक आले. त्यांना त्याच संध्याकाळी पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून ते घाईतच बोलले. आमच्या वस्तीचे वडीलधारे दाजीबा. त्यांनी मला कंदिलाजवळ बसवून टिपून घ्यायला सांगितलं. घरी येऊन पाहिलं तर मुद्दे पाच होते. वधूवरांनी पांढरं वस्त्र नेसावं. वंदना घ्यावी. अक्षतांऐवजी फुलं टाकावीत. हुंडा घेऊ नये. वाजंत्री आणि डामडौल नको. सकाळी मी ते दाजीबांना वाचून दाखवलं. दाजीबांचा चेहरा पडला.

"पाचच?"

"पाचच सांगितले."

"असं कसं होईन, बापा? जुन्या लगनात हळदीपासून वरातीपर्यंत चाळीस गोष्टी होत्या. त्या सोडून आपण पाचवर आलो म्हंतल्यावर गाव हासन. तू लिहून घेता घेता डुलक्या देल्या असशीन. नीट आठव."

मी नीट आठवलं. म्हणजे संध्याकाळी बसून आणखी सहा नियम तयार केले. सहाव्या नियमापासून पुढे सगळा मीच आहे. नवरीने मान खाली न घालता समोर पाहावं. नऊवारी लुगडं सोडून पाचवारी गोल पातळ नेसावं, कारण आमच्या हेडमास्तरांच्या घरी तसं नेसत. काजळ घालू नये, कारण आरोग्याच्या पुस्तकात डोळ्यांच्या काळजीवर एक धडा होता. केसांत फुलं नकोत. आपलं नाव सर्वांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगावं. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, सहाव्या क्रमांकाला, माझ्या आवडीचा नियम: 'वधूच्या हातात बांगड्या नसाव्यात. बांगडी ही काचेची बेडी होय.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या होत्या. वर मोठ्या अक्षरात 'सूचनापत्रक' लिहिलं. खाली नाव घातलं नाही; नाव नसलं की कागदाला वजन येतं, एवढं मला त्या वयातही ठाऊक होतं. दाजीबा खूश झाले. "आता कसं अकरा! आता लगनासारखं लगन दिसन." त्यांनी माझ्याकडून चार नकला करवून घेतल्या आणि एक दिग्रसला नवऱ्या मुलाकडे पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो कागद बाईला वाचून दाखवला. पाच नियम होईपर्यंत जातं फिरत होतं. सहाव्याला थांबलं.

"हे तुह्यं हाय."

मी कागदाची घडी घालू लागलो.

"बेडी म्हणे! तुले भरल्या असत्या कासाराने बांगड्या, तर समजलं असतं बेडी कोणती अन् बांगडी कोणती."

"काढून टाकू का?"

बाई हसून म्हणाली, "राहू दे. वाक्य चांगलं हाय. वाचून कोण करते?"

त्या एका 'चांगलं हाय'साठी मी ते वाक्य खोडलं नाही. आज एवढ्या वर्षांनी माझी मलाच चीड येते ती याची. नियम चुकीचा होता म्हणून नव्हे. तसं कोणी पुढे स्वतःहून ठरवलं तर मी त्याला चांगलंच म्हणेन. पण बाईने तसं ठरवलेलं नव्हतं. मला एक वाक्य आवडलं होतं, बस.

घरात पांढऱ्या पातळावरून आठ दिवस भांडण चाललं. जनाआत्या स्वतः विधवा होती. ती म्हणाली, "पांढरं मी नेसतो. नवरा मेला म्हणून नेसतो. पोरीले उभ्या मांडवात कायले नेसवता?" माय नुसती खोकत होती. पाचवारीची गोष्ट तर कोणाच्या पचनीच पडेना. आत्याने पातळ हातांनी मोजलं आणि विचारलं, "बाकीचे चार वार दुकानदाराने ठेवून घेतले का गा?" आत परकर घालावा लागतो, हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजे आतून एक अन् वरून एक, तरी कमीच!" शेवटी बाईनेच तोडगा काढला. पांढरं पातळ ती नेसेल, पाचवारी नेसेल, केसांत फूल घालणार नाही, काजळही नाही. पण हिरव्या बांगड्या भरणार, दोन्ही हातांत डझन-डझन. "पांढऱ्यावर हिरवं चांगलं दिसते," ती म्हणाली. साऱ्या लग्नात तिने मागितलेली ही एकच गोष्ट. आत्याची समजूत पटली: हातात हिरवा चुडा असला म्हणजे कोणी नवरीला विधवा म्हणणार नाही. घाटंजीच्या बाजारातला कासार घरी आला. काम करून बाईचे हात रुंद झाले होते, पण तिने मनगटाला घट्ट बसणाऱ्याच बांगड्या निवडल्या. भरताना दोनदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोन्ही वेळा ती हसली. मी तिथेच बसून गणित सोडवत होतो. सहाव्या नियमाची मला आठवणही झाली नाही.

लग्न वैशाखात लागलं. पळसाच्या पानांचा मांडव, वांग्याची भाजी, पोळ्या आणि बुंदी. बुंदीच्या तुपाचा वास सकाळपासून नाल्यापलीकडे जात होता. दिग्रसची मंडळी घाटंजीपर्यंत बसने आणि पुढे बैलगाड्यांनी आली. त्यांच्यात नवऱ्या मुलाचे काका होते, मारोतराव. किडकिडीत, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, खिशाला पेन. मनुष्य अत्यंत सरळ, आणि हीच सगळ्यात मोठी अडचण. त्यांनी माझा कागद चुरगळू न देता सांभाळून आणला होता. त्याच्या आधारे त्यांनी आपल्या वस्तीतल्या लोकांशी महिनाभर वाद घातला होता आणि ते वाद जिंकले होते. बाई मांडवात आली. मान ताठ, समोर बघत, पाचवारीत पाय अडखळत. हार घालायच्या आधी मारोतरावांनी हात वर केला.

"जरा थांबा. बेटा, तुह्या हातात बांगड्या हायत."

आत्या म्हणाली, "मंग? नवरीच्या हातात काय राह्यते, काठी?"

मारोतराव चिडले नाहीत. त्यांनी कागद उघडून सहावा नियम वाचला. 'काचेची बेडी होय' हे त्यांनी माझ्यापेक्षाही चांगलं वाचलं. म्हणाले, "माझ्या वस्तीतल्या चार जणी बांगड्यांसाठी रडल्या तरी मी ऐकलं नाही. आता माझ्याच घरची सून बांगड्या घालून गेली तर मी त्याईले तोंड कसं दाखवू? दाजीबा, कागद तुमच्याच गावचा हाय ना?"

दाजीबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुळशीरामने लिहून घेतला. काहून तुळशीराम? प्रचारकांनी असंच सांगतलं होतं ना?"

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी आदल्याच महिन्यात मॅट्रिकची परीक्षा दिली होती. वस्तीतला पहिलाच. आया आपल्या पोरांना मला दाखवून सांगायच्या, तुळशीरामसारखा शीक. 'नाही, हे मी मनचं लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो."

शामराव हार हातात धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, राहू द्या ना." पण मोठ्यांपुढे त्याचं ते बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. आत्या ओरडली की मांडवात काच फोडायची असेल तर आधी माझं डोकं फोडा. माय भिंतीकडे तोंड करून बसली. बाई मात्र माझ्याकडे बघत होती. माझ्याच सातव्या नियमाप्रमाणे, मान खाली न घालता. तिला सगळं माहीत होतं. तिने एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होतं: हे तुळश्याचं वाक्य आहे. वस्तीतला पहिला शिकलेला पोरगा त्या दिवशी भर मांडवात खोटारडा ठरला असता.

ती म्हणाली, "साबण आणा. अन् पाणी."

मग ती पाटावर बसली. पांढरं पातळ गुडघ्याखाली दाबून घेतलं, उजव्या हाताला साबण चोळला, अंगठा तळव्यात दुमडला आणि पहिली बांगडी ओढली. घट्ट बांगडी फोडून काढायला एक क्षण लागतो, न फोडता काढायला फार वेळ लागतो. तिने एकही फोडली नाही. चोवीसच्या चोवीस काढल्या. मधूनच हाताची हाडं एकमेकांवर घासल्यासारखी दिसत. बुंदीवर माश्या बसत होत्या, त्या हाकलायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. शेवटची बांगडी निघाली तेव्हा तिचे दोन्ही हात अंगठ्याच्या मुळाशी लाल झाले होते. ते पुसून तिने हार उचलला, अकराव्या नियमाप्रमाणे आपलं नाव मोठ्याने सांगितलं, आणि लग्न लागलं. मारोतरावांनी भाषण केलं. त्यात माझा गौरव होता.

मी पास झालो आणि अमरावतीच्या कॉलेजात गेलो. पहिल्या मोठ्या सुट्टीत यवतमाळहून बस धरून दिग्रसला उतरलो. बाईचं बरं चाललं होतं. शामराव गरीब स्वभावाचा, सासू प्रेमळ. पण नळावर पाणी भरताना एक बाई दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं: "ही शामरावची. पाटाची हाय वाटते." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्या बाईने भावासाठी दोन स्थळं परतवून पहिलंच लग्न केलं, तिला पांढऱ्या पातळात मोकळ्या हातांनी गावात उतरताना पाहून लोकांनी हे ठरवून टाकलं होतं. वर्ष झालं तरी ते पुसलं गेलं नव्हतं. बाई घागर उचलून नुसती चालू लागली.

"तू त्यांना सांगत काहून नाहीस?" मी चिडून विचारलं.

"कोणाकोणाले सांगू? अन् सांगतलं तर म्हंतील, मंग बांगड्या काहून नव्हत्या? मंग काय सांगू?"

घरी आल्यावर मी म्हणालो, "मी मारोतराव काकाजींशी बोलतो." बाई म्हणाली, "माह्यं जाऊ दे. सुमनचं लगन ठरलं." सुमन तिची नणंद, सोळा वर्षांची. मारोतराव तिच्यासाठी कागद काढून बसले होते आणि ती दोन दिवस जेवली नव्हती. "तिच्यासाठी काई लिहिता येत असन तर पाह्य," बाई म्हणाली. संध्याकाळी ओट्यावर मारोतरावांनी माझी अमरावतीहून आलेली जुनी पत्रं काढली. घरात वाचणारे ते एकटेच. माझं प्रत्येक पत्र ते ओट्यावर बसून, शेजारपाजारच्यांना बोलावून, मोठ्याने वाचायचे. अवघड शब्द आला की अर्थ सांगायचे. "आमच्या सुनेचा भाऊ. काय लिहिते पोट्टा!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली मी नुसता मान डोलावत बसलो. बोललो असतो तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून मी दिग्रस सोडलं, आणि अमरावतीला पोचल्यावर सहा कागद फाडून सातवा टपालात टाकला. त्याची नक्कल मी ठेवली होती. ती अशी:

'तीर्थरूप बाईस, तुळशीरामचं सविनय वंदन.

मी सुखरूप पोचलो. मायचं पत्र आलं, दमा कमी आहे.

काकाजी, हे पत्र आपणच वाचत असाल आणि समोर शेजारची मंडळी बसली असतील. आपल्याला हात जोडून विनंती आहे की पुढचा मजकूर मनात वाचू नये. नेहमीसारखा मोठ्याने वाचावा.

आमच्या गावात प्रचारक आले तेव्हा त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. सूचनापत्रकातले पुढचे सहा नियम त्यांनी सांगितलेले नाहीत. ते मी घरी बसून लिहिले. बांगड्यांचा नियम कोणाचाच नाही, माझा आहे. दाजीबांना हे माहीत नव्हतं. मांडवात मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. माझ्या बहिणीला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. माझी लाज राखण्यासाठी ती गप्प बसली. तिचं हे पहिलंच लग्न आहे. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या त्याचं कारण मी आहे, दुसरं कोणतंही नाही. नळावर कोणी काही म्हणत असेल तर त्यांना हे सांगावं.

सुमनताईने काय घालावं ते सुमनताईला विचारावं. मला विचारू नये.

काकाजी, आपण माझा कागद खरा मानला, त्यासाठी लोकांशी भांडलात. आपल्याला खाली पाहावं लागेल, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या शनिवारी मी येतो. ज्या घरांत आपण तो कागद वाचला त्या प्रत्येक घरी मला घेऊन चला. मी माझ्या तोंडाने सांगेन.

बाई, तू आत चुलीपाशी असशील. काकाजी, तिला बाहेर बोलवा आणि हे पत्र पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचा.

तुझा,
तुळशीराम'